कावळ्याचं पान

लहानपणी माझ्याकडं एकच पुस्तक होतं, पाखरांचं. त्या एका पुस्तकावर मी वाचायला शिकले, आणि पुढं त्याच पुस्तकाचा मला इतका राग आला की चुलीत घालावंसं वाटलं. घातलं नाही. पुस्तकानं काय केलं होतं बिचाऱ्यानं? पण राग काढायला दुसरं कोणी हाताशी नव्हतं.

आमचं गाव गोरेगावच्या बाजाराचं. पैनगंगेच्या अलीकडं आम्ही, निजामाच्या राज्यात, लोकांच्या भाषेत मोगलाईत. पलीकडं वऱ्हाड, तिथं इंग्रजांचा अंमल. मायचं माहेर पलीकडं होतं. सकाळी गाडी जुंपली की दिवस मावळायच्या आत माणूस तिथं पोचायचं. मधे नदीवर नाका होता. नाक्यावरचे जवान गाठोडं उघडून बघायचे, एखादी भाकर मागून घ्यायचे आणि जा म्हणायचे. दरसाली उन्हाळ्यात मी आजीकडं, म्हणजे मायच्या मायकडं जायची. मामा तिकडच्या शाळेत मास्तर होता. आमच्या गावातली शाळा नावालाच, तिथं उर्दू चालायचं, आणि पोरीला शाळेत घाला म्हणायची कोणाची छाती नव्हती. मला अक्षरं लावली ती मामानं, आजीच्या ओसरीवर बसून.

मामाला पाखरांचं याड होतं. त्याच्याकडं पाखरांवरची दोन पुस्तकं होती. एक बारकं, लेकरांसाठीचं. त्यात अक्षर मोठं, पानाला एक पाखरू, काही चित्रं रंगीत. दुसरं जाडं, मोठ्या माणसांसाठीचं. त्यातलं अक्षर मुंगीएवढं, चित्रं काळी, आणि कसर लागू नये म्हणून पानापानांत लिंबाचा वाळका पाला. मी जाड्याला हात लावला की तो म्हणायचा, "ते मोठ्या माणसाचं हाय. बारक्यात पाखरू काय करते ते लिव्हलंय, जाड्यात काहून करते ते."

आता मला पहिल्यापासून काहूनचीच, का असं विचारायचीच खोड! मी जाड्यासाठी रडले, रुसले, एकदा जेवलेसुद्धा नाही. मामा हलला नाही. न अडखळता वाचून दाखवलं त्या साली त्यानं बारकं माझ्या हातात ठेवलं. जाडं मात्र मोठी झालीस की देईन, म्हणाला.

मी वाचायची आणि आजी जात्यावरून भांडायची. पुस्तकात भारद्वाज म्हणून लिहिलेलं पाखरू आमच्याकडं कुंभारकावळा. आजी म्हणायची, "भारद्वाज म्हणं! एवढ्या मोठ्या नावाचं पाखरू माझ्या बोरीखाली किडे खात बसंल का? त्या लिव्हणाऱ्याला म्हणा, एकडाव आमच्या रानात ये." तोंडानं अशी खमकी, पण डोळे भरलेल्या घागरीसारखे, जरा धक्का लागला की सांडायचे. होल्याचं पिल्लू खाली पडलं असं मी वाचलं की हिच्या डोळ्यांना धार. आमची गाडी परत निघाली की गावच्या शिवेपर्यंत मागून रडत यायची. माय गाडीतून ओरडायची, "जाय ना वो माय घरी, मी काय मेली का?" ते बोलणं मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं.

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं साल. हिंदुस्थान स्वतंत्र झाला होता, आम्ही मात्र मोगलाईतच. जिकडंतिकडं जाळपोळीच्या बातम्या, बाजार धड भरत नव्हता. त्या उन्हाळ्यात बा मला म्हणाला, औंदा मामाकडं जायचं नाही, रस्ता बराबर नाही. मी बारकं पुस्तक घेऊन अंगणातल्या लिंबाखाली बसून राहायची.

त्या लिंबावर कावळीनं घरटं केलं होतं. खाली कोणी आलं की ती वरून कोकलायची. आमच्या कुत्र्याला तिनं अंगणातून हुसकावलं होतं. वैशाखातल्या एका सकाळी माय बाजेवर घातलेल्या कुरडया उलथायला वाकली, आणि कावळी सुर्रकन खाली आली. मायच्या डोक्यावर टेकली, टोच मारली आणि वर गेली. माय दचकली, मग हसायला लागली. "मेली! माझ्याच घरात राहून मलाच मारते!" पदराखाली बोट घालून पाहिलं तर बोटाला थोडं रक्त.

आत्या दारातून बघत होती. माझ्या बापाची थोरली बहीण, लवकर रांडावलेली, तेव्हापासून आमच्याच घरात. घरातलं सगळं तिच्या शब्दानं चालायचं. ती किंचाळली, "आगं माय माय माय! डोक्यावर कावळा बसला!"

डोक्यावर कावळा बसला म्हणजे मरण टेकून गेलं, असं आमच्याकडं धरायचे. त्यावर उतारा एकच. ते माणूस मेलं असा खोटा सांगावा त्याच्या जिव्हाळ्याच्या माणसाकडं धाडायचा. ते माणूस धाय मोकलून रडलं की मरणाला वाटतं, आपलं काम झालं, आणि ते वाट धरतं. दुसऱ्या दिवशी गूळ घेऊन दुसरा माणूस जातो, जित्ती आहे म्हणून सांगतो. मग रडलेले लोक सांगावा धाडणाऱ्याच्या नावानं शिव्या देतात आणि हसत गूळ खातात. मात्र ज्यानं मेल्याचं सांगितलं त्यानंच जित्तं असल्याचं सांगायचं नाही, नाहीतर सगळं त्याच्यावर उलटतं. आमच्या गावात हे कैकदा झालेलं होतं. त्यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही.

माय म्हणाली, "आक्का, माझ्या मायला नका कळवू. तिला सोसायचं न्हाई. तुमच्या गोतात सांगा कोणाला."

"जी सगळ्यात जास्त रडंल तिलाच सांगावं लागते," आत्या म्हणाली. "वरवरचं रडू कामाचं न्हाई."

"मग तुमीच रडा की वो!"

बा हसला, मीही हसले. आत्या हसली नाही. "मी रडून काय व्हते? मला तू समोर दिसून राहिली."

मी पळत जाऊन बारकं पुस्तक उघडलं. कावळ्याचं पान. कावळा काळा असतो. कावळा काव काव करतो. कावळा घाण खाऊन गाव स्वच्छ ठेवतो. संपलं पान! डोक्यावर काहून बसतो, टोच काहून मारतो, त्याचं एक अक्षर नाही. ते जाड्यात असणार, आणि जाडं नदीपलीकडं. मी म्हटलं, "आत्या, मामाच्या जाड्या पुस्तकात असंल, काहून ते. आधी त्याला इचारू."

"चूप बस गं. मरण पुस्तकात लिव्हलेलं असते का?"

बायकोवर बाचा जीव होता, आणि जीव होता म्हणूनच भ्याला. शेवटी मायला म्हणाला, "एका दिसाची तर गोष्ट हाय. उद्या उजाडता मीच जातो गूळ घेऊन. सांजच्याला तुझी माय मला शिव्या देऊन राहील, बघ."

दुपारी एक म्हातारा मेंढरं घेऊन गावावरून चालला होता, वऱ्हाडात खतासाठी शेतात बसवायला. त्याची वाट मायच्या माहेरावरूनच. आत्यानं त्याच्याकडं सांगावा दिला. म्हातारा जाणता होता, रीत त्याला माहीत होती. त्यानं मायकडं बघितलं, मान हलवली आणि मेंढरं हाकली. माय दारात उभी राहून आपल्या मरणाची बातमी रस्त्यानं जाताना बघत होती. मेंढरांची धूळ खाली बसली तरी ती आत आली नाही.

दुसऱ्या दिवशी बा उजाडायच्या आत निघाला. धोतराच्या सोग्यात गुळाचा खडा बांधलेला. दिवस मावळल्यावर परत आला, तोच गूळ तसाच घेऊन. मेंढरं सांजेलाच पार झाली होती, आणि रात्रीतून नाका बंद झाला होता. पलीकडच्या कुठल्याशा गावात मारामारी झाली म्हणे, वरून हुकूम आला. बा दिवसभर नाक्यावर हात जोडून बसला होता. त्यानं जवानाला सांगितलं, माझ्या सासूला निरोप द्यायचाय, तिची लेक जित्ती हाय. जवानाला हसू आलं. म्हणाला, "जिंदा है ना? फिर तुमकू क्या तकलीफ है?"

बा हे सांगत होता तेव्हा मी मायच्या तोंडाकडं बघत होते. तिनं गूळ घेतला, फडक्यात बांधला आणि देवळीत ठेवला. "कोणी हात लावू नका," म्हणाली. "उद्या उघडंल नाका."

नाका उघडला नाही. बा पुन्हा गेला, वरच्या अंगाला पाणी उथळ होतं त्या उतारानं गेला, तिथून त्याला बंदुकीचा दस्ता दाखवून हाकललं. मी मामाच्या नावानं कार्ड लिहिलं. माय जित्ती आहे, आजीला सांग, एवढंच. टपाल पलीकडं जातं की नाही ते पोस्टमनलाही माहीत नव्हतं. गावातली काही घरं लपतछपत वऱ्हाडात पळून गेली. त्यातल्या एका बाईच्या पाया पडून मायनं निरोप दिला. बाई सांगते म्हणाली आणि भलतीकडंच कुठं तरी गेली. मायनंच का नाही जायचं असं? तिला सातवा महिना होता. रानावनातून, जवानांच्या नजरा चुकवून तिला न्यायचं धाडस बाला होईना, आणि मला एकटीला कोण सोडणार? मी दहा वर्षांची पोर. पुस्तक वाचता येत होतं, एवढीच काय ती माझी मर्दुमकी.

आत्या पहिले दोन दिवस ताठ होती. मग तीही उतरली. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "मला काय ठाऊक नाका बंद व्हईल म्हून." माय चुलीत काटक्या सारत राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं.

आणि मग दहावा आला. सकाळीच माय मला म्हणाली, "आज तिकडं दहावा असंल." मला आधी कळलंच नाही. "कोणाचा?" म्हटलं. "माझा," ती म्हणाली. "त्यांना इकडं येता येईना, तर तिकडंच नदीवर करतील दादा." दिवसभर ती चुलीजवळ बसून होती. दुपार कलल्यावर मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "पिंडाला कावळा शिवला असंल का गं? न्हाई शिवला तर माझी माय उठायची न्हाई तिथून."

मी पुस्तक आणलं आणि पुन्हा कावळ्याचं पान काढलं. काळा असतो, काव काव करतो. मला असा संताप आला! रंगीत चित्रं काढायला पैसा आहे आणि माणसाला लागेल ती एक ओळ लिहायला जागा नाही. मी पुस्तक अंगणात भिरकावलं. माय जाऊन घेऊन आली, पदरानं पुसलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "मामानं देल्लं हाय," म्हणाली.

पाऊस लागला, नदी भरली. आषाढात मायला पोरगा झाला. बाळंतपणातून उठल्यावर ती बाच्या मागं लागली, मला नदीवर ने. बा नको म्हणाला, आत्या नको म्हणाली. तरी एक दिवस तान्ह्याला आत्याजवळ ठेवून आम्ही तिघं गाडीनं नाक्याच्या बरंच खाली, झाडीतून नदीवर गेलो. पाणी दोन्ही थड्या भरून चाललेलं. पलीकडं दोन बायका आणि एक बाप्या दिसत होता, गुरं घेऊन आलेला. माय पाण्याजवळ गेली आणि तोंडाला हात लावून आपल्या माहेराचं नाव घेऊन ओरडली, "आवोऽऽ, माझ्या मायला सांगा, मी जित्ती हाव!" बा ओरडला. मी ओरडले. पाण्याच्या आवाजात आमचा आम्हाला ऐकू येईना. पलीकडच्या बाप्यानं कानाला हात लावला, मग हात हलवला, राम राम केल्यासारखा. मायनं डोक्यावरचा पदर काढला, दोन्ही हात वर केले, आपलं सगळं अंग त्याला दाखवलं. तो बिचारा पुन्हा हात हलवत राहिला. आमच्या डोक्यावरून बगळे सरळ पलीकडं चालले होते. मला त्यांचं पान तोंडपाठ होतं. मी त्यांना दगड मारला.

भादव्यात हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाचं राज्य गेलं. नाक्यावरचे जवान कुठं गेले ते कोणी पाहिलं नाही. लोक गुलाल उधळत होते. माय म्हणाली, "गाडी जुंपा." पाणी उतरेपर्यंत थांबावं लागलं. उतार मिळाला त्या दिवशी आम्ही निघालो. मांडीवर तान्हं, तान्ह्याजवळ फडक्यातला गूळ. पाझरून पाझरून तो फडक्याला चिकटला होता. वाटेनं माय पहिल्यांदाच खुशीत बोलत होती. आजी तिला आधी शिव्या देईल, मग मारील, मग नातवाला घेईल, असं सगळं तिनं ठरवून टाकलं होतं.

गाडी दारात थांबली. मामा बाहेर आला. मायला बघितलं आणि ओसरीच्या खांबाला धरून खाली बसला. त्याच्या डोक्याला टोपी नव्हती. केस भादरून पुन्हा बोटभर वाढलेले. माय गाडीतून उतरता उतरता थबकली. बहीण गेली म्हणून आमच्याकडं कोणी केस काढत नाही.

"दादा," ती म्हणाली, "केस काहून काढले?"

आजी श्रावणात गेली होती.

मागाहून मामानं सगळं सांगितलं. मेंढरंवाल्यानं सांगावा दिला तेव्हा मामाला शंका आली होती, हा कावळ्याचा सांगावा तर नसेल? त्यानं आजीला तसं म्हटलंसुद्धा. आजी रडता रडता थांबली, आणि गूळ घेऊन येणाऱ्याची वाट बघत दारात बसली. एक दिवस गेला, दुसरा गेला, कोणी आलं नाही. मग खरंच वाटलं. दोघं गाडीनं निघाले तर नाका बंद. बा इकडच्या काठाला बसला होता त्याच दिवसांत हे दोघं वरच्या अंगाला तिकडच्या काठावर बसून होते. दहाव्याला पिंड ठेवला. कावळा येईना. दुपार टळली तरी येईना. आजी पिंडाला म्हणाली, तुझी लेक मी सांभाळते. म्हणाली, तिला शिकवते, तिचं लगीन करते. कावळा आलाच नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

मामा म्हणाला, "मी घरी येऊन मायला जाडं पुस्तक वाचून दाखवलं. अंड्यापिल्लांच्या दिवसांत कावळे घरटं सोडून लांब येत नाहीत, असं त्यात लिव्हलेलं हाय. तिला म्हटलं, माय, याच्यात दुसरं काही न्हाई. तर म्हणाली, तुझ्या पुस्तकाला माझ्या लेकीचं मन काय ठाऊक? मग अंथरूण धरलं. शेवटपर्यंत एकच इचारायची, माझ्या पोरीचं काय राह्यलं असंल रे मनात?"

मी इतके दिवस धरून बसले होते की ते जाडं पुस्तक आमच्या घरी असतं तर हे झालं नसतं. ते तर आजीच्या उशाशी होतं आणि वाचणारा पोटचा लेक होता! राग धरायलासुद्धा काही उरलं नाही.

आम्ही निघालो तेव्हा मामानं न मागता जाडं पुस्तक माझ्या हातात दिलं. गूळ गाडीतच राहिला होता. परतताना बानं तो बैलांना चारला.

घरी आल्यावर माय म्हणाली, कावळ्याचं पान वाच. मी मुंगीएवढ्या अक्षरांतून बोट फिरवत वाचलं. घरट्यात पिल्लं असली की झाडाखालून जाणाऱ्याच्या डोक्यावर कावळी झडप घालते, पिल्लांच्या भीतीनं. मायनं ते दोनदा वाचायला लावलं. मग तान्ह्याला पाजत बसली. त्याला थोपटत म्हणाली, "तिला वाटलं असंल, ही बाई माझी लेकरं नेते."

पुढच्या वैशाखात लिंबावर पुन्हा घरटं झालं. आत्या काठी घेऊन पाडायला निघाली, मायनं काठी काढून घेतली. कुरडया मात्र तिथंच घातल्या, अंगणात ऊन तेवढ्याच जागी होतं. आणि एका सकाळी कावळीनं पुन्हा मायच्या डोक्यावर झडप घातली. आत्या दारातच होती. तिचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

माय डोकं चोळत आत्याकडं बघत होती. आवाज चढवला नाही, रडली नाही.

"धाडा ना आक्का सांगावा," ती म्हणाली. "पण कोणाकडं धाडता? रडणारी तर गेली."

आत्या आत गेली. माय खाली वाकली आणि राहिलेल्या कुरडया उलथायला लागली.